बाटलीतला कडुनिंब : ३६० रुपयांच्या तोट्यानं शिकवलेला धंदा



गेल्या आठवड्यात आपल्या चॅनलवर निंबोळी अर्काचा व्हिडिओ टाकला. घरी कसा करायचा, किती पाणी, किती साबण, एवढंच दाखवलं होतं. पण सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न फवारणीचा नव्हताच. प्रश्न होता, "ताई, हा अर्क बाटलीत भरून विकला तर? घरबसल्या धंदा होईल का?"

याचं उत्तर दोन मिनिटांच्या व्हिडिओत बसत नाही. कारण हा धंदा मी स्वतः करून बसले आहे. दोन महिने केला, भरपूर बाटल्या विकल्या, लोकांनी कौतुक केलं, आणि शेवटी हिशोबाच्या वहीत उरला ३६० रुपयांचा तोटा. पैशाचं सोडा, दुकानावरचा विश्वास जायची वेळ आली होती. म्हणून आज सगळं सविस्तर लिहिते. कडुनिंब नेमका काय करतो, घरी कसा वापरायचा, विकायचा असेल तर कायदा काय म्हणतो, आणि यात खरी कमाई कुठे आहे. शांतपणे वाचा, जमलं तर वही घेऊन बसा.

आधी माझी गोष्ट

माझं दुकान साताऱ्यात आहे. कुंड्या, माती, कोकोपीट, बियाणं, गांडूळखत, छोटे स्प्रे पंप असला माल. शिक्षण बीबीए. म्हणजे मार्केटिंग शिकले, अकाउंट्स शिकले, पण कीटकशास्त्राचा एक धडाही कधी वाचला नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

गच्चीवर बाग करणाऱ्या बायका दुकानात यायच्या. "जास्वंदीवर पांढरं पांढरं आलंय, काहीतरी द्या, पण केमिकल नको हं. घरात लहान मुलं आहेत." रोज चार-पाच जणी तरी हेच मागायच्या. बीबीएचं डोकं लगेच चाललं. मागणी समोर उभी आहे, पुरवठा नाही. मग काय, कडुनिंबाचं तेल आणलं, भांडी घासायचा लिक्विड साबण घातला, पाणी घातलं, ५०० मिलिच्या स्प्रेच्या बाटल्यांमध्ये भरलं. लेबल छापलं : "१००% नैसर्गिक. १००% सुरक्षित. सर्व किडींवर गुणकारी."

कॉस्टिंग असं होतं. तेल आणि साबण ९ रुपये, स्प्रेची बाटली २८, लेबल आणि खोकं ८, नासधूस आणि वाहतूक ५. एकूण ५० रुपये. विक्री १२० ला. म्हणजे बाटलीमागे ७० रुपये. मार्च-एप्रिलमध्ये १६० बाटल्या गेल्या. ७० गुणिले १६० म्हणजे ११,२०० रुपये. मी हवेत!

एप्रिलच्या शेवटी एक काकू दुकानात आल्या. आमच्या जुन्या गिऱ्हाईक. रागावल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. फक्त पिशवीतून टोमॅटोची चार पानं काढून काउंटरवर ठेवली. कडा करपलेल्या, मधे तेलकट डाग. म्हणाल्या, "अगं, तू दिलंस म्हणून मी डोळे झाकून मारलं. बावीस कुंड्या गेल्या. नातवाला दाखवायला लावले होते टोमॅटो."

त्या रात्री मला झोप लागली नाही.

बाटलीत नेमकं काय झालं होतं

दुसऱ्या दिवशी शेल्फवरची एक बाटली उजेडात धरली. वर पिवळट तेलाचा थर, खाली गढूळ पाणी. तेल आणि पाणी एकत्र राहत नाही, साबण त्यांना काही तासांपुरतं धरून ठेवतो. घरी करून लगेच फवारलं तर प्रश्न येत नाही. पण बाटली तीन आठवडे शेल्फवर उभी राहिली की तेल वर जातं. स्प्रेची नळी बाटलीच्या तळाशी असते. म्हणजे गिऱ्हाईक सुरुवातीला नुसतं साबणाचं पाणी मारतं, कीड हलत नाही. "गुण येत नाही" म्हणून ते आणखी मारतं. आणि बाटली संपत आली की नळीत येतं जवळजवळ निव्वळ तेल. काकूंनी तो शेवटचा भाग एप्रिलच्या दुपारी बारा वाजता मारला होता. तेलानं पानांची छिद्रं बुजली, वरून ऊन. पानं भाजणारच.

"वापरण्यापूर्वी हलवा" एवढे दोन शब्दसुद्धा मी लेबलवर लिहिले नव्हते. "संध्याकाळी फवारा" लिहिलं नव्हतं. "आधी दोन पानांवर मारून बघा" लिहिलं नव्हतं. "१००% सुरक्षित" मात्र मोठ्या अक्षरात लिहिलं होतं.

मग मी हे केलं. दुकानाबाहेर बोर्ड लावला, व्हॉट्सॲपवर सगळ्यांना मेसेज टाकला : बाटली परत आणा, पैसे घेऊन जा. ४३ जण आले. ४३ गुणिले १२० म्हणजे ५,१६० रुपये परत. काकूंना नवीन रोपं, माती सगळं भरून दिलं, ३,४०० रुपये. उरलेल्या ६० बाटल्या विकल्या नाहीत, त्यांचा खर्च ३,००० रुपये. बेरीज करा. ११,५६०. कमावले होते ११,२००. म्हणजे ३६० रुपये तोटा. आणि यात माझ्या दोन महिन्यांच्या मेहनतीची मजुरी धरलेलीच नाही. नवीन धंदा करणारे ती कधीच धरत नाहीत, आणि तीच सगळ्यात मोठी चूक असते.

कडुनिंब काम करतो, पण त्याच्या पद्धतीनं

यानंतर मी ठरवलं, जे विकायचं ते आधी समजून घ्यायचं.

कडुनिंबात किडींवर काम करणारा मुख्य घटक आहे ॲझाडिरॅक्टिन. तो सगळ्यात जास्त असतो निंबोळीच्या बीमध्ये, आतल्या गरात. पानांत फार कमी. म्हणून पानं उकळून केलेल्या पाण्यापेक्षा निंबोळीचा अर्क कितीतरी चांगला.

आता महत्त्वाचं. हा घटक किडीला जागेवर मारत नाही. तो तीन कामं करतो. एक, पान बेचव करतो, कीड खायचं सोडते. दोन, अळीची कात टाकायची क्रिया बिघडवतो, त्यामुळे ती मोठी होत नाही. तीन, अंडी घालणं कमी करतो. म्हणजे आज फवारलं आणि उद्या सकाळी किडींचा सडा पडलाय, असं होणार नाही. तीन-चार दिवसांनी कीड सुस्त दिसते, नवीन पान खराब होत नाही, मग हळूहळू संख्या उतरते. ज्याला हे माहीत नाही तो दुसऱ्याच दिवशी "औषध फेल आहे" म्हणतो.

या झाडाची ताकद शास्त्रज्ञांच्या नजरेत आली टोळधाडीमुळे. १९५९ साली सुदानमध्ये टोळांनी सगळी हिरवळ फस्त केली, पण कडुनिंबाची झाडं तशीच उभी. हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ हाइनरिश श्मुटरर यांनी पाहिलं आणि पुढचं आयुष्य या झाडाच्या अभ्यासाला दिलं. आपल्याकडेही १९६२ मध्ये दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेतल्या प्रधान, जोतवानी आणि राय यांनी दाखवून दिलं, की निंबोळीच्या गराचं पाणी फवारलेलं पीक टोळ खात नाहीत. आपल्या आज्यांना ते आधीच माहीत होतं, म्हणून तर धान्याच्या कणगीत कडुनिंबाचा पाला जायचा.

मर्यादाही ऐका. ॲझाडिरॅक्टिन उन्हात लवकर मोडतं. म्हणून फवारणी संध्याकाळी. पाण्यात भिजवलेला अर्कही ठेवून ठेवून निकामी होतो. म्हणून आज भिजवला की उद्या फवारायचा. आता तुम्हीच सांगा, जो माल दोन दिवसांत मारायला हवा, तो सहा महिने शेल्फवर ठेवायच्या बाटलीत कसा भरायचा? कंपन्या त्यासाठी वेगळी द्रावकं, स्थिर ठेवणारे घटक वापरतात, प्रयोगशाळेत तपासतात. माझ्या स्वयंपाकघरात ती सोय नव्हती. तुमच्याही नाही.

घरासाठी, शेतासाठी कृती

आपल्या कृषी विद्यापीठांची ५ टक्के निंबोळी अर्काची शिफारस वर्षानुवर्षं तीच आहे, आणि ती सोपी आहे.

शेतासाठी, १०० लिटर फवारणीला : वाळलेली निंबोळी ५ किलो, कुटून भरड करायची. ९ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायची. वेगळ्या १ लिटर पाण्यात २०० ग्रॅम साबणाचा चुरा भिजवायचा. सकाळी निंबोळीचं पाणी पातळ कापडातून गाळून घ्यायचं, चोथा चांगला पिळून घ्यायचा, साबणाचं पाणी मिसळायचं, आणि एकूण १०० लिटर होईल एवढं पाणी घालायचं. त्याच दिवशी संध्याकाळी फवारायचं.

गच्चीसाठी, १ लिटरला : भरड ५० ग्रॅम, साबणाचा चुरा २ ग्रॅम. बाकी कृती तीच. भरड केलेली निंबोळी नसेल तर १ लिटर पाण्याला ५ मिलि कडुनिंबाचं तेल. आधी तेल आणि थोडा लिक्विड साबण एकत्र घोटायचं, मग थोडं थोडं पाणी घालायचं. दुधासारखं पांढरं झालं पाहिजे. फवारताना अधूनमधून हलवायचं. उरलेलं ठेवायचं नाही.

काही नियम पाठ करा :

फवारा पानाच्या खालच्या बाजूला गेला पाहिजे. मावा, पांढरी माशी, तुडतुडे तिथेच बसतात. वरून पान चकचकीत करून काही होत नाही.

आधी दोन पानांवर मारून दोन दिवस थांबा. कोवळी रोपं, नाजूक पानं भाजू शकतात.

आठ-दहा दिवसांनी पुन्हा फवारा. एका फवारणीत हिशोब संपत नाही.

कीड दिसायला लागली तेव्हाच सुरुवात करा. झाड पूर्ण भरल्यावर निंबोळी अर्क कमी पडतो.

कपडे धुवायची पावडर मुठीनं टाकू नका. साबण फक्त तेल-पाणी धरून ठेवायला आणि पानावर पसरायला. जास्त झाला तर तोच पान जाळतो.

पिठ्या ढेकूण असेल तर आधी जोरात पाण्याचा फवारा मारून किंवा ब्रशनं तो काढा. त्याच्या अंगावर मेण असतं, त्यामुळे औषध आत पोहोचत नाही.

निंबोळी गोळा करायचा काळ म्हणजे पावसाळ्याच्या तोंडाशी, पिकून खाली पडायला लागली की. गर धुऊन काढायचा, बी सावलीत वाळवायची आणि गोणपाटात हवेशीर ठेवायची. प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडली तर बुरशी धरते. काळी पडलेली, कुबट वास येणारी बी घेऊ नका, फुकट मिळाली तरी नको.

"नैसर्गिक" म्हणजे "बिनधास्त" नव्हे

ही ओळ मी आता दुकानात बोर्डवर लिहून ठेवली आहे.

तंबाखूचं पाणी फवारायचा सल्ला गावोगावी दिला जातो. तंबाखू नैसर्गिकच आहे ना? पण त्यातलं निकोटीन माणसाला अतिशय विषारी, कातडीतूनसुद्धा शरीरात जातं. निकोटीन सल्फेट हे कीटकनाशक आपल्या देशात वापरायला बंदी आहे. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर लावतात, ती डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा होते. धोत्रा, कण्हेर ही दशपर्णीत पडणारी झाडं विषारीच आहेत. आणि ज्याला आपण घरचं म्हणतो ते कडुनिंबाचं तेलसुद्धा, लहान बाळाच्या पोटात गेलं तर झटके येण्यापर्यंत, जिवावर बेतण्यापर्यंत मजल जाते. माझ्या त्या बाटलीला मुलांना उघडता येणार नाही असं झाकण नव्हतं. आणि लेबलवर चित्र होतं हसऱ्या बाळाचं! आजही आठवलं की पोटात गोळा येतो.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो जण दवाखान्यात दाखल झाले. ती रासायनिक औषधं होती. त्यानंतर लोक कमी धोक्याचे पर्याय शोधायला लागले, ते योग्यच आहे. निंबोळी अर्काचा धोका खरंच कमी आहे. पण कमी म्हणजे शून्य नाही. फवारताना तोंडाला रुमाल, हातात मोजे, वाऱ्याच्या उलट दिशेनं न मारणं, नंतर हात-तोंड धुणं, हे त्यालाही लागू आहे. आणि खायच्या भाजीवर मारलं असेल तर तोडणीला दोन-तीन दिवस थांबा, भाजी धुऊन घ्या. नाहीतर वांग्याच्या भरितालाही कडुनिंबाचा वास येईल, मग घरचे तुम्हालाच बोलतील.

आता कायद्याचं. हा भाग दोनदा वाचा

बाटल्या परत घेतल्यावर मी कृषी कार्यालयात गेले, काय परवाना लागतो ते विचारायला. तिथल्या साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मॅडम, तुम्ही स्वतःहून बंद केलंत ते बरं केलंत."

देशात कीटकनाशक कायदा, १९६८ आहे. त्याच्या परिशिष्टात ज्या पदार्थांची नावं आहेत ती कायद्यानं कीटकनाशकं. त्यात कडुनिंबाची उत्पादनं, म्हणजे ॲझाडिरॅक्टिन, आहेत. त्यामुळे "माझं तर नैसर्गिक आहे, मला कशाला परवाना" हा युक्तिवाद चालत नाही.

तीन गोष्टी वेगवेगळ्या समजून घ्या.

पहिली, स्वतःच्या वापरासाठी. स्वतःच्या घरात, परसबागेत, स्वतः कसत असलेल्या जमिनीत वापरायला या कायद्याच्या कलम ३८ मध्ये सूट आहे. म्हणजे शेतकऱ्यानं स्वतःच्या शेतासाठी, तुम्ही तुमच्या गच्चीसाठी अर्क करा, कोणी अडवणार नाही.

दुसरी, बनवून विकणं. त्यासाठी आधी केंद्रीय कीटकनाशक मंडळाच्या नोंदणी समितीकडे उत्पादनाची नोंदणी, मग राज्याकडून उत्पादनाचा परवाना. घटकाचं प्रमाण, परिणाम, विषारीपणा, टिकाऊपणा, पॅकिंग या सगळ्याची माहिती द्यावी लागते. लेबलवर विषारीपणानुसार लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण, वापरायचं प्रमाण, विषबाधा झाली तर काय करायचं, हे सगळं हवं. हे काम लाखातलं आहे, हजारातलं नाही.

तिसरी, दुसऱ्या कंपनीचं नोंदणीकृत औषध विकणं. त्यालाही विक्रीचा परवाना लागतो, आणि त्यासाठी कृषी किंवा ठरवून दिलेल्या विज्ञान शाखेची पदवी, नाहीतर कृषी विषयातली पदविका हवी. स्वतःकडे नसेल तर तशी व्यक्ती नोकरीला ठेवावी लागते. माझं बीबीए इथे उपयोगाचं नाही! एवढंच नाही, पैसे घेऊन दुसऱ्याच्या बागेत कीटकनाशक फवारून द्यायचा धंदा केला तरी परवाना लागतो.

तेव्हा मला हे जाचक वाटलं होतं. आज वाटत नाही. काकूंची चार पानं आठवा. बाटली हलवायची का, कधी मारायची, मुलाच्या हाताला लागली तर काय, हे प्रश्न मी स्वतःला विचारले नव्हते. कायदा तेच प्रश्न विक्रीच्या आधी विचारतो.

मग कमाई कुठे आहे?

आता आपल्या धंद्याच्या भाषेत बोलू. गिऱ्हाईक बाटली मागत होतं, पण त्याची गरज बाटली नव्हती. त्याला हवं होतं झाड वाचवायचं, आणि मुलांची काळजी न वाटता वाचवायचं. बाटली हा त्याचा एक मार्ग होता, तोही चुकीचा. मागणी ओळखताना मी वस्तू बघितली, गरज बघितली नाही.

आज मी हे करते.

एक, शिबिर. महिन्यातून एक रविवार, दुकानामागच्या अंगणात, २० जण, प्रत्येकी ३०० रुपये. निंबोळी कुटण्यापासून फवारण्यापर्यंत सगळं त्यांच्या हातानं, आणि ते जातं त्यांच्याच गच्चीवर. जमा ६,०००. साहित्य माणशी ८० प्रमाणे १,६००, चहा-नाश्ता ४००. उरतात ४,०००. माल पडून राहत नाही, परत येत नाही, खराब होत नाही.

दोन, अवजारं. चांगला हाताचा पंप, गाळायचं कापड, मोजायचं भांडं, पानाची खालची बाजू बघायला भिंग, पिवळे चिकट सापळे. सापळ्यात औषधच नसतं, नुसता रंग आणि चिकटा. पांढरी माशी पिवळ्या रंगाकडे येते आणि अडकते. शिबिराला आलेली माणसं हे घेऊनच जातात. मार्जिन इथे आहे.

तीन, परवान्यासह नोंदणीकृत औषधं. माझी चुलत बहीण बी.एस्सी. ॲग्री आहे. ती दुकानात आली, आम्ही रीतसर परवाना घेतला. आता ज्याला तयार औषध हवं त्याला ३००, १५००, १०,००० पीपीएम यांतलं काय आणि किती घ्यायचं ते ती सांगते. पीपीएम म्हणजे ॲझाडिरॅक्टिनचं प्रमाण. १०,००० म्हणजे १ टक्का. नुसतं "नीमचं द्या" म्हणून घेऊ नका, हा आकडा आणि एक्स्पायरीची तारीख बघून घ्या.

चार, कच्च्या मालाची साखळी. ज्यांच्याकडे दुकान नाही, भांडवल नाही, त्यांच्यासाठी हा भाग. २०१५ पासून देशात युरियाला कडुनिंबाचा लेप सक्तीचा झाला, त्यामुळे तेलाची मागणी वाढली. गुजरातमध्ये जीएनएफसी या खत कंपनीनं गावोगावच्या बायकांकडून निंबोळी विकत घ्यायला सुरुवात केली, आणि आतापर्यंत झाडाखाली कुजून जाणाऱ्या बीचे त्यांना पैसे मिळायला लागले. आपल्याकडे बांधावर, देवळापुढे, शाळेच्या आवारात कडुनिंब काय कमी आहे? पाच-सात बायकांच्या गटानं नीट वाळवलेली, स्वच्छ निंबोळी जमवली तर तेलघाणीवाला घेतो, शेतकरी घेतो. मी स्वतः शिबिरासाठी शेजारच्या गावातल्या गटाकडून घेते. त्यांना मी एकच अट घातली आहे : सावलीत वाळवलेली आणि बुरशी नसलेली. चांगल्या मालाला दर वाढवून देते. बीवर "कीटकनाशक" असं लेबल मात्र लावायचं नाही. बी ती बी.

जाता जाता एका साक्षीची गोष्ट

१९९४ साली युरोपियन पेटंट कार्यालयानं अमेरिकेचं कृषी खातं आणि डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी यांना कडुनिंबाचं तेल बुरशीवर वापरण्याच्या पद्धतीचं पेटंट दिलं. वंदना शिवा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याला आव्हान दिलं. "आमच्याकडे शेकडो वर्षांपासून वापरतात" एवढ्यावर केस जिंकली गेली नाही. नेमकं कोणी, कधी, कसं वापरलं याचा पुरावा लागला. तिथे साक्ष कामाला आली अभय फडके या आपल्या मराठी उद्योजकाची. पेटंटच्या अर्जाच्या आधीच, १९८५-८६ मध्ये, महाराष्ट्रातल्या शेतांत असं तेल वापरून झालं होतं. २००० साली पेटंट रद्द झालं, २००५ मध्ये अपीलही फेटाळलं गेलं.

मी ही गोष्ट प्रत्येक बॅचला सांगते. परंपरा आपल्याकडे भरपूर आहे, पण धंद्यात आणि कोर्टात उभी राहते ती नोंद. कधी केलं, किती प्रमाणात, कशावर, काय झालं. माझ्याकडे त्या १६० बाटल्यांची एक जरी चाचणीची नोंद असती, तर बाटली नंबर एकच्या वेळीच तेल वर आलेलं दिसलं असतं.

तुमचा गृहपाठ

या आठवड्यात तीन कामं करा. एक, १ लिटर निंबोळी अर्क घरी करा आणि एकाच कुंडीवर वापरा. दोन, वहीत तारीख, प्रमाण, वेळ, तिसऱ्या आणि आठव्या दिवशी काय दिसलं ते लिहा. तीन, तुमच्या गावात कडुनिंबाची किती झाडं आहेत ते मोजा.

आणि काकूंचं काय झालं, असं विचाराल. त्या वर्षीच्या पावसाळ्यात पहिलं शिबिर घेतलं, तेव्हा पहिल्या नावनोंदणीचे ३०० रुपये त्यांनीच दिले. मी नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, "बाटलीचे पैसे तू परत दिलेस, हे शिकायचे आहेत. घे." आता दर बॅचला त्या स्वतः येतात आणि नवीन बायकांना पान उलटं करून दाखवतात, कीड कुठे बसते ते.

पुढच्या व्हिडिओत निंबोळी सावलीत कशी वाळवायची ते दाखवणार आहे, त्यांच्याच गच्चीवरून. तोपर्यंत हिशोब लिहीत राहा, आणि हो, त्यात स्वतःची मजुरी धरायला विसरू नका!